दीपिकाच्या झोपेची वेळ

दुपारी दोननंतर मजल्यावर कोणी आवाज करायचा नाही असं राधाबाईंनी ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त भडकले ती मी. माझं पोट शिलाईच्या मशीनवर आहे. ब्लाउज, फॉल, पिको, पोरींचे शाळेचे गणवेश, जे येईल ते. राधाबाईंची खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये भिंत एकच, आणि त्या भिंतीला टेकूनच माझं मशीन. मी लग्न होऊन परळच्या या चाळीत आले तेव्हापासून ते तिथंच आहे. त्यामुळे "मीरा, दुपारचं मशीन बंद ठेवशील का गं?" असं त्या दारात येऊन म्हणाल्या, तेव्हा मी सरळ विचारलं, "आणि रात्रीचं जेवण? तेपण बंद ठेवू?"

 त्या नुसत्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. राधाबाईंशी भांडायची ही मोठी पंचाईत आहे. समोरून काही येतच नाही, मग माणसानं एकट्यानं किती तोंड चालवायचं?

आमच्या चाळीत हळू बोलणारी बाई ही एकच. सगळा जन्म त्यांनी इथल्याच एका हॉस्पिटलात आयाचं काम करण्यात काढला. वॉर्डात चपला वाजू द्यायच्या नाहीत, भांडं आपटायचं नाही, पेशंट झोपला असेल तर श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. 'शांतता राखा' अशी पाटी भिंतीवर असायची, तिच्याखाली बसून यांनी डबा खाल्लेला. रिटायर झाल्या तरी ती चाल अंगातून गेली नाही. मागून येऊन उभ्या राहिल्या की आपण दचकतो. मी तर दोनदा सुई बोटात घुसवून घेतली आहे.

नवरा भिवा. मिल बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करायचा. मुलगी दीपिका सातवीत असताना ड्यूटीवरच छातीत दुखून गेला. त्याला घरी आणलं त्या दुपारी सगळी चाळ चिडीचूप होती. माझं मशीन बंद, मजल्यावरच्या अप्पांचा रेडिओ बंद, पोरांना आयांनी आत ओढून घेतलेलं. दीपिका शाळेतून आली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आमच्या जिन्याच्या वळणावर ती थांबली, दप्तर खाली ठेवलं आणि तिथूनच विचारलं, "कोण गेलं?" मी वर कठड्याशी उभी होते. मी खाली जाऊन तिचं दप्तर उचललं.

ती पोर शिकली. नर्सिंग केलं, माहीमच्या एका हॉस्पिटलात काही वर्षं काम केलं, इंग्रजीची परीक्षा दोनदा देऊन पास झाली आणि गेल्या सप्टेंबरात आयर्लंडला गेली. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होममध्ये तिला नोकरी लागली. पहिले काही महिने कच्ची नोकरी, काम बघून मग पक्की करणार. चाळीत पेढे वाटले. राधाबाई त्या दिवशी मोठ्यानं हसलेल्या मी ऐकल्या, म्हणजे बघा.

सुरुवातीचे फोन सगळे नवलाईचे. "आई, इथं साडेपाचला रात्रीचं जेवतात. सहा वाजता दुकानं बंद, मग रस्त्यावर काळं कुत्रं नसतं. कोणी कोणाचं दार वाजवत नाही. इतकी शांतता आहे ना, की फ्रिजचा आवाज ऐकू येतो." राधाबाई हे सगळ्यांना सांगत सुटल्या. फ्रिजचा आवाज ऐकू येतो! जसं काही पोरीला बंगलाच मिळाला.

मग तिला रात्रपाळी लावली आणि सगळं बिघडलं.

रात्रभर काम करायचं, सकाळी खोलीवर यायचं आणि झोपायचं. तर झोपच येईना. ज्या बाईंच्या घरात ती खोली भाड्यानं घेऊन राहते, त्या सकाळीच कामाला जातात. सगळं घर रिकामं. दीपिका पडून राहायची, छताकडे बघायची, उठायची, चहा करायची, पुन्हा पडायची. तिथं थंडीत चारलाच अंधार होतो. डोळा लागेपर्यंत बाहेर काळोख झालेला असायचा, आणि उठून बघावं तर ड्यूटीची वेळ. दिवस कुठला, रात्र कुठली, तिला समजेना. तिच्या सीनियर नर्सनं सांगितलं, दिवसा झोपायचं तर दोनच गोष्टी हव्यात, अंधार आणि शांतता. दीपिकानं काळे पडदे लावले, कानात बोळे घातले. काही उपयोग नाही.

इकडे राधाबाईंनी लालबागच्या बाजारातून दुसरं घड्याळ आणलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीखाली आधीचं एक होतंच, त्याच्या शेजारी हे लावलं आणि त्यात आयर्लंडची वेळ लावली. हळूहळू त्या त्याच घड्याळावर चालायला लागल्या. पोरगी जेवली की यांनी जेवायचं. पोरगी ड्यूटीवर गेली की यांनी जागं राहायचं. "ती तिकडे उभी असताना मी आडवी कशी होऊ?" असं मला म्हणायच्या. रात्रभर बसून काढायच्या आणि दिवसा पोरीला झोप नाही म्हणून यांनाही नाही. डोळ्यांखाली काळं आलं. आमच्या मजल्यावर एक माणूस तिकीट न काढता परदेशी गेला होता.

नोव्हेंबरात एकदा असं झालं, की ड्यूटीवरून आल्यावर दीपिका फोनवर बोलता बोलताच झोपली. फोन तसाच चालू राहिला. इकडे दुपारचे दोन वाजून गेलेले. राधाबाई फोनसमोर बसून राहिल्या, हलल्या नाहीत. पोरगी संध्याकाळपर्यंत झोपली. उठून म्हणाली, "आई, किती दिवसांनी अशी झोप लागली."

झालं. राधाबाईंना वाटलं, आपण समोर बसलो म्हणून लागली. त्या दिवसापासून रोज दोनला तिचा फोन आला की तो शेल्फवर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आणि समोर बसायचं. पण त्यांचं मन एवढ्यावर कुठलं भागतंय! आपल्या फोनमधून चाळीचा कालवा तिच्या कानात जातो, म्हणून तिची झोप मोडत असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. सीनियर नर्सनं सांगितलेलं, अंधार आणि शांतता. अंधार तिच्याकडे होता. शांतता यांनी इथून पाठवायला घेतली.

तर त्या दिवशी दारात उभ्या राहून त्यांनी मला शेवटी खरं काय ते सांगितलं. आधी मागे वळून गॅलरीत कोणी आहे का बघितलं.

"दीपीच्या हातून चूक झाली गं. पहाटे डोळ्यावर झापड होती. दोन म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या वाट्या बदलल्या. सीनियरनं वेळेवर बघितलं म्हणून वाचलं."

"मग?"

"लेखी ताकीद दिली. परत असं झालं तर घरी पाठवतील. पाठवतील ते एक वेळ चालेल. पण कोणाला काही झालं असतं तर? तिनं स्वतःला माफ नसतं केलं, मीरा. तू ओळखतेस तिला."

ओळखत होतेच. लहानपणी किती पावसाळे-हिवाळे ती माझ्या मशीनखाली खेळली आहे, चिंध्यांच्या बाहुल्या करत. मी मशीनवर कापड टाकलं. दुपारची शिलाई रात्री करायला लागले. गिऱ्हाइकांना खोटं सांगायला लागले, मनातल्या मनात राधाबाईंना शिव्याही घातल्या. घातल्याच, का खोटं बोलू?

त्यांनी सगळा मजला असाच एकेक करून गप्प केला. पोरांना चिक्की देऊन गॅलरीतलं क्रिकेट खाली मैदानात पाठवलं. भंगारवाल्याला जिन्यातच गाठून परत धाडलं. उरले अप्पा. अप्पा मालवणकडचे, वय झालेलं, कान गेलेले, टीव्ही असा लावतात की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळा घ्यायची गरज नाही. ते आधी उसळले.

"अगो राधाबाय, टीव्ही बंद करून मी काय भिंतीक बघीत रवू?"

राधाबाईंनी हात जोडले. "अप्पा, माझ्या पोरीसाठी."

अप्पांनी टीव्ही बंद केला. मग ते खरंच भिंतीकडे बघत बसायचे.

दोनचा ठोका पडला की आमचा मजला असा व्हायचा की पाण्याच्या नळाचा ठिबका ऐकू यावा. कोणाच्या हातून ताट पडलं तर सगळी दारं उघडायची आणि सगळी डोकी त्या दाराकडे वळायची. माझा तर जीव घुसमटायचा. आणि एवढं करून दीपिकाची झोप सुधारली का? नाही. उलट बिघडली. अर्धा तास डोळा लागायचा आणि ती दचकून उठायची. उठली की विचारायची, "आई, सगळे बरे आहेत ना?" राधाबाई कुजबुजत म्हणायच्या, "हो गं, सगळे बरे. तू झोप." "अप्पा?" "बरे आहेत. झोप." आणि पुढच्या दिवशी पुन्हा तेच. राधाबाईंना वाटायचं, अजून कुठून तरी आवाज जातोय. मग त्यांनी पंखा बंद केला. शेजारच्या खोलीत मी खोकले तरी त्यांचा चेहरा पडायचा. वर्षअखेरीला दीपिकाच्या कामाचा अहवाल जाणार होता, आणि पोरगी फोनवर दिवसेंदिवस सुकत चाललेली दिसत होती.

अशात सहा डिसेंबर आला.

राधाबाईंच्या घरी दर वर्षी त्या वेळेला खेडहून माणसं येतात. दीर धम्मपाल, त्याची बायको, भाऊबंद, त्यांची पोरं, मिळून खोलीत पाय ठेवायला जागा नसते. पहाटे उठून सगळे पांढरे कपडे घालून दादरला चैत्यभूमीवर जातात, रांगेत उभे राहतात, दुपारी पाय ओढत परत येतात. एरवी त्या दोन दिवसांत राधाबाईंच्या खोलीत जो कल्ला असतो तो विचारू नका. दीपिका इथं असताना सकाळी शिवाजी पार्कला औषधांच्या स्टॉलवर सेवेला असायची आणि दुपारी सगळ्यांना घेऊन घरी यायची. कॉलेजपासून एक वर्ष चुकलं नव्हतं.

या वेळी राधाबाई एकट्याच सगळ्यांबरोबर गेल्या आणि दोनच्या आत सगळ्यांना घेऊन आल्या. आल्या आल्या सांगितलं, "पोरगी झोपणार आहे. कोणी तोंडातून आवाज काढायचा नाही." गावची माणसं, परदेशातला फोन, त्यात राधाबाईंचा शब्द. भिंतीला टेकून सगळे रांगेनं बसले, माना खाली घालून. पहाटेपासूनची चालून चालून दमलेली माणसं ती. पोरांच्या हातात बिस्किटं दिली. फोन शेल्फवर डब्याला टेकवला. पलीकडे दीपिका पांघरूण डोक्यापर्यंत घेऊन पडलेली.

ती झोपली असं बघून राधाबाई माझ्याकडे आल्या, पावलं न वाजवता. एवढ्या जणांच्या चहाला कप पुरत नव्हते. मी फळीवरचे कप काढून त्यांच्या हातातल्या ताटात ठेवत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून किंकाळी आली.

नंतर धम्मपालनं सांगितलं ते असं. दीपिकानं पांघरूण बाजूला केलं आणि फोनकडे बघितलं. रोज समोर आई असते. आज आईची जागा रिकामी आणि मागे भिंतीला टेकून खेडची सगळी माणसं, पांढऱ्या कपड्यांत, मान खाली घालून, गप्प. ती म्हणाली, "काका? आई कुठंय?" आता धम्मपालला बोलायची बंदी. त्यानं काय करावं? पोरीनं झोपावं म्हणून फोनकडे बघून हात जोडले. बाकीच्यांनी माना आणखी खाली घातल्या.

मी आणि राधाबाई धावलो. ताट माझ्याच उंबऱ्यात पडलं, कप फुटले. फोनमधून "आई, आई" असा आवाज येत होता आणि खोलीतली सगळी माणसं घाबरून उभी राहिलेली. राधाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"दीपे, ही बघ मी! ही बघ! इथंच आहे, मीराकडे गेलेले. बघ माझ्याकडे."

दीपिका बघत होती पण तिला दिसत नसावं. हुंदक्यांनी तिचं सगळं अंग हलत होतं. मग तिनं विचारलं, "मग हे सगळे पांढऱ्या कपड्यांत का बसलेत?"

धम्मपाल पुढे झाला. "पोरी, आज सहा डिसेंबर आहे."

ती एकदम थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. "सहा डिसेंबर," ती म्हणाली. "मी विसरले? आई, मी सहा डिसेंबर विसरले?"

"असू दे गं. रात्र-दिवसाचं तुला कळत नाही सध्या. असू दे."

"नाही आई, तू मला खरं सांग. तिकडे काय झालंय? रोज फोन लावते तर नुसतं गप्प. अप्पांचा टीव्ही नाही, पोरं नाहीत, मावशीचं मशीन नाही. तू कुजबुजत बोलतेस. मी पडल्या पडल्या कान लावते. काहीच नाही. रोज वाटतं, कोण गेलं आणि मला सांगत नाहीयेत. डोळे मिटले की जिनाच दिसतो."

राधाबाईंनी फोन आणखी जवळ धरला. "अगं, तुझ्या झोपेसाठी सगळ्यांना गप्प केलं मी. तुझी झोप मोडू नये म्हणून."

"आपल्याकडे गप्प कधी असतं, आई?"

 राधाबाई शेल्फला धरून खाली बसल्या. इतके दिवस आपण पोरीला रोज दुपारी काय ऐकवत होतो, ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्या तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. मी त्यांना असं भिवाच्या वेळीही बघितलं नव्हतं.

मी माझ्या खोलीत गेले. मशीनवरचं कापड ओढून फेकलं. दोरा काढून ठेवलेला होता, ओवत बसायला वेळ नव्हता. मी तशीच बसले आणि पायडल मारलं. बिनदोऱ्याचं, बिनकापडाचं मशीन खडखडत सुटलं. भिंतीपलीकडून फोनमधून आवाज आला, "मावशी?" मी ओरडून म्हटलं, "हो गं बाई, मीच! जिवंत आहे! तुझ्या आईनं माझा धंदा बसवला, तेवढं सांगते तुला!" आणि ती हसली. रडता रडताच, पण हसली.

मी गॅलरीत तोंड काढून अप्पांना हाक मारली. पहिली हाक त्यांना ऐकू गेली नाही, दुसरी गेली. टीव्ही लागला. खेडची पोरं बिस्किटं टाकून गॅलरीत धावत सुटली, धम्मपालची बायको स्टोव्हशी जाऊन भांडी वाजवायला लागली, सगळे एकदम बोलायला लागले. थोड्या वेळानं राधाबाई माझ्या दारात आल्या. डोळे लाल. मी पाय थांबवला तर त्यांनी घाईनं हात हलवला, चालू ठेव, चालू ठेव. दीपिका झोपली होती.

पुढे रोज असंच. दोन वाजले की शेल्फवर फोन आणि भिंतीपलीकडे माझं मशीन. काम असेल तर कापडावर, नसेल तर नुसतंच. राधाबाई फोनसमोर चटई टाकून बसायच्या आणि पोरगी झोपली की त्यांचाही डोळा लागायचा. रात्रभर जागणाऱ्या त्या बाईला दिवसाकाठी तेवढीच काय ती झोप मिळायची. डिसेंबर संपता संपता अहवाल गेला. जानेवारीत दीपिकाची नोकरी पक्की झाली. पुन्हा पेढे.

मार्चमध्ये एका दुपारी फोन आलाच नाही.

दोन वाजले, अडीच वाजले. राधाबाईंनी फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मी मशीन चालवत होते पण शिवण वाकडी जात होती. राधाबाई गॅलरीत येरझाऱ्या घालत होत्या आणि आज पहिल्यांदा त्यांच्या चपला वाजत होत्या. रस्ता ओलांडताना काही झालं असेल का? ड्यूटीवर काही झालं असेल का? पुन्हा गोळ्यांचं? अप्पा टीव्ही बारीक करून दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "तिकडच्या कोणाचो नंबर नाय तुझ्याकडे?" नव्हता. त्या भाड्याच्या घराच्या बाईंचं नाव तेवढं ठाऊक होतं, तेही धड उच्चारता येत नव्हतं. चहा केला तो तसाच गार झाला.

दिवे लागल्यावर फोन वाजला.

"आई, सॉरी सॉरी. आले आणि सोफ्यावर टेकले, ती आता उठतेय. फोन पर्समध्येच राहिला."

"अशीच झोपलीस? फोन न लावता?"

"हो ना! मलापण आत्ता कळलं. एकदम गाढ."

"छान झालं," राधाबाई म्हणाल्या. "छान झालं बाई." आणि तिला जेवून घे म्हणाल्या.

मी मशीन आवरत होते. त्या आत आल्या, माझ्या स्टुलावर बसल्या. चेहरा असा, की आनंद झालाय की काय झालंय, मला सांगता येईना.

"आता तिला लागणार नाही आपलं काही," त्या म्हणाल्या.

"मग चांगलंच आहे की! माझ्या पायांना आराम."

"हो." त्या हातातल्या फोनकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आज दुपारभर माझा डोळा लागला नाही गं."

"मग आता पडा जाऊन जरा."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या, त्या पहिल्या दिवशी उभ्या होत्या तशाच.

"मीरा, मशीन चालू करतेस का थोडा वेळ?"

काम संपलं होतं माझं. मी दोरा काढून ठेवला होता. तरी पुन्हा बसले आणि पायडलवर पाय ठेवला. पलीकडे चटई टाकल्याचा आवाज आला, अगदी भिंतीला लागून. मग मी बराच वेळ मशीन चालवत राहिले.